चांदभाईंनी फोन कापला

"आज काय काय लिहिलं?" नानांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

"आज? आज चारशे ओळी काढून टाकल्या," लॅपटॉपवरची नजर न काढता अश्विनी म्हणाली.

"आन् काल?"

"काल साडेतीनशे."

नानांनी आईकडं पाहिलं. आईनं भाकरी उलटली आणि आपल्याला काही ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. पोरगी नगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत घरी आल्यापासून तीन आठवडे ओसरीवर बसून सकाळ-संध्याकाळ कीबोर्ड बडवतेय, आणि काम काय, तर लिहिलेलं पुसायचं!

"म्हंजे दुसऱ्यांनी लिवायचं आन् तू उपटायचं," नाना म्हणाले. "खुरपनीच झाली की ही."

"अगदी खुरपणीच, नाना!" अश्विनी आनंदानं ओरडली. तीन आठवड्यांत तिचं काम इतक्या झटक्यात कुणालाच समजलं नव्हतं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींनाही नाही. मग काय, तिला चेवच आला. तिनं लॅपटॉप नानांकडं वळवला आणि समजावून सांगायला सुरुवात केली.

जगभरातली पंधरा-वीस माणसं मिळून एक सी लायब्ररी सांभाळत होती. सी ही प्रोग्राम लिहायची जुनी, टणक भाषा. लायब्ररी म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारी बारीकसारीक अवजारं एका जागी ठेवलेलं कपाट. प्रोग्रामला स्वतः होऊन कशालाच हात लावता येत नाही. फाईल उघडायची असो की पडद्यावर अक्षर उमटवायचं असो, आधी कर्नलला विचारावं लागतं.

"कर्नल? नगरच्या कॅम्पातला?"

"नाही हो नाना. कॉम्प्युटरच्या आतला. पण रुबाब तोच. त्याच्या परवानगीशिवाय पान हलायचं नाही. त्याला जे विचारायचं, त्याला म्हणतात सिस्टिम कॉल. आणि हा कॉल शब्दांत नाही करायचा, आकड्यात करायचा. गंमत बघा, प्रत्येक जातीच्या प्रोसेसरवर आकडा वेगळा! एकावर 'एक' म्हटलं की अर्थ होतो 'लिही'. दुसऱ्यावर तेच 'एक' म्हटलं की अर्थ होतो 'तू आता संप'."

"आरारारा!" नाना कळवळले. "बिचारं लिवायला गेलं आन् गचाकलं."

"तर असे अकरा प्रोसेसर, अकरा फायली, अकरा जणांनी आपापल्या लहरीनं लिहिलेल्या. मी त्या अकरांची एक करतेय. वरनं विचारताना सगळ्यांनी एकाच पद्धतीनं विचारायचं. कुणाचे काय नखरे असतील ते झाकणाखाली."

नाना भिंतीकडं बोट करून म्हणाले, "मग हितंच कर की आधी."

भिंतीवर मार्करनं लिहिलेला नानांचा तक्ता होता. त्यांच्या शेताला तीन मोटारींचं पाणी. विहिरीच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला. त्याच्या सिमवर फोन लावून १ दाबलं की मोटर चालू, २ दाबलं की बंद. बोअरचा स्टार्टर दुसऱ्या कंपनीचा. त्याला १ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. मागच्या पंधरवड्यात नानांनी बोअरला 'एक' दाबून चालू केली म्हणून निवांत जेवून घेतलं होतं, आणि इकडं गवार माना टाकून बसली होती. तिसरी मोटर प्रवरेवरची, चौघांच्या भागीची. तिला स्टार्टर-बिर्टर काही नव्हता, चांदभाई होते. वस्तीपासून दोन किलोमीटरवर, नदीकाठच्या खोलीत, मोटर चालू-बंद करायच्या हँडलशेजारी बसलेले. त्यांना मिस कॉल द्यायचा.

अश्विनी तक्त्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती आईला अजिबात आवडली नाही, कारण अशाच चमकेपायी सातवीत असताना तिनं मिक्सर उघडला होता.

दोन दिवसांत तिनं डबा तयार केला. खारीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात नानांचा जुना मोबाईल, त्यात तिनं लिहिलेला छोटासा प्रोग्राम, आणि पडद्यावर हिरवंगार एकच बटण : पाणी. नानांनी बटण दाबायचं. डबा विहिरीला फोन लावून १ दाबणार, बोअरला फोन लावून ३ दाबणार, चांदभाईंना मिस कॉल देणार. कुणी फोन कापला तर काम झालं नाही असं समजून तीन मिनिटांनी परत लावणार. आणि नदीचं पाणी येत नाही तोवर विहीर आणि बोअर बंदच करणार नाही, म्हणजे वाफे कोरडे राहायचा प्रश्नच नको! या शेवटच्या कलमावर तर ती स्वतःच खूश होती.

दोन्ही स्टार्टरांची पुस्तकं तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. चांदभाईंचं पुस्तक नव्हतं. त्यांच्या रकान्यात तिनं नुसतं लिहून ठेवलं : बाकी सगळं तसंच.

गुरुवारी कांद्याची लागवड होती. त्याच गुरुवारी दुपारी अडीचला अश्विनीचा निकालही होता. म्हणजे परीक्षेचा नव्हे. लायब्ररीच्या मुख्य बाई व्हिडिओ कॉलवर तिचं काम शेवटचं बघणार होत्या. बाईंना पटलं तर तीन आठवड्यांची मेहनत नव्या आवृत्तीत जाणार. नाही पटलं तर पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी. या बाई प्रागला राहायच्या. आईनं पहिल्या दिवशी ते 'प्रयागला' असं ऐकलं आणि मग ते प्रयागच राहिलं. अश्विनीनं चारदा सुधारून बघितलं आणि सोडून दिलं. गंगेकाठी राहून एवढं मोठं काम सांभाळणारी बाई म्हटल्यावर आईच्या मनात तिच्याविषयी फार आदर होता, तो कशाला मोडायचा?

गुरुवारी सकाळी आठला लाईट आली. नानांनी रानातला सदरा घातला, डब्यापुढं उभे राहिले, आणि शाळेत झेंडा फडकवतात तेवढ्या गांभीर्यानं बटण दाबलं.

"झालं?"

"झालं! जा तुम्ही निवांत," अश्विनी म्हणाली, कानात इयरफोन खुपसले आणि बाईंना दाखवायच्या शेवटच्या ओळी तपासायला बसली.

नाना वाफ्यांवर पोहोचले तर विहिरीचं पाणी आलेलं. बोअरचं आलेलं. नदीचं पाणीही भस्सकन आलं. नाना हसले. तेवढ्यात नदीचं पाणी थांबलं. नानांचं हसूही थांबलं. तीन मिनिटांनी पाणी परत आलं. मग परत गेलं. आता पाईप आधी हवा ओकायचा, मग पाणी, मग नुसताच खोकायचा. नानांना वाटलं, आपल्याकडूनच बटण नीट दाबलं गेलं नसेल. ते घरी आले आणि अंगठा रोवून बटण दाबलं. रानात गेले. पाणी गेलं होतं. परत आले, परत दाबलं. एकच बटण, त्यात चुकणार तरी काय, म्हणून साडेनवापर्यंत त्यांनी ते सात वेळा दाबलं. अश्विनीच्या पाठीमागून ते सात वेळा गेले आणि सात वेळा आले, पण पोरगी कामात आहे, तिला कशाला त्रास द्यायचा, असा समंजस विचार त्यांनी प्रत्येक वेळी केला.

साडेनवाला छबूबाईंची टोळी टेम्पोतून आली. बारा बाया, बारा डबे. लागवडीच्या दिवसांत छबूबाईंची तारीख मिळणं म्हणजे दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांची मिळण्यासारखं. चुकली की आठ दिवस गेले, आणि रोप तर पहाटेच उपटून ठेवलेलं. टेम्पो वस्तीच्या वळणावर आला आणि नेमका तिथला नदीच्या पाईपाचा जोड, दीड तास ती उचकी सोसून सोसून, सुटला. पाण्याचा असा फवारा उडाला की टेम्पोच्या हौद्यात बसलेल्या बारा बायांनी एका सुरात किंकाळी फोडली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. टेम्पोची मागची चाकं चिखलात जी बसली ती बसलीच.

छबूबाई निथळत वाफ्यांवर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी शेताकडं पाहिलं. दोन मोटारी दीड तास एकाच तुकड्यात सुरू होत्या. वाफ्यांचे बांध बुडाले होते. कडेला ठेवलेल्या रोपाच्या चार जुड्या बदकांसारख्या डुलत शेताच्या मध्यावर चालल्या होत्या.

"मच्छिंद्रदादा," छबूबाई शांतपणे म्हणाल्या, "सांगावा कांद्याचा धाडला हुता ना?"

"व्हय."

"मग ह्यो काय भात लावायचा हाय?"

नाना घराकडं पळाले आणि या वेळी त्यांनी अश्विनीच्या कानातला इयरफोन उपटला. "आशू! पानी!"

"आलं नाही?"

"लई आलं!"

अश्विनीनं डब्यात पाहिलं. पडद्यावर लाल अक्षरं होती : *नदी – फोन कापला. परत लावत आहे. प्रयत्न ३१.* तिनं फोनच बंद केला आणि दोघं बापलेक पळाले. विहिरीचं आणि बोअरचं मेन स्विच हातानं पाडलं. पण नदीचं पाणी सुरूच होतं, आणि सुटलेल्या जोडातून टेम्पोभोवती तळं साठत होतं.

"चांदचाचांना फोन करते," म्हणत तिनं स्वतःच्या मोबाईलवरून नंबर लावला. दोन रिंग झाल्या आणि चांदभाईंनी फोन कापला.

पाणी थांबलं. ते तिला दिसलंच नाही, कारण ती परत नंबर लावत होती. चांदभाईंनी फोन कापला. पाणी सुरू झालं.

"उचला ना चाचा!" तिनं तिसऱ्यांदा लावला. कापला. पाणी थांबलं.

"थांब, माझ्यावरनं उचलतील," नाना म्हणाले. चांदभाईंनी त्यांचाही कापला. पाणी सुरू. नानांनी रागानं परत लावला. कापला. पाणी बंद.

टेम्पोला टेकून उभ्या असलेल्या छबूबाई हे सगळं बघत होत्या. "अगं ए पोरी," त्या म्हणाल्या, "त्यो फोन ठिव खाली आन् गाडी काढ. तुमी दोघं फोन लावताय तितक्यांदा हितं पानी नाचतंय."

अश्विनीनं स्कूटी काढली. नदीकाठच्या खोलीत चांदभाई हँडलला एक हात आणि कमरेला एक हात लावून उभे होते. टोपी मागं सरकलेली, सदरा घामानं चिकटलेला.

"आओ बेटा," ते धापा टाकत म्हणाले. "छत्तीस येळा. अठरा येळा चालू, अठरा येळा बंद. आता बंद हाय. पुढचा फोन आला की चालू करतो."

"चाचा, अहो छत्तीस वेळा झाल्यावर तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना! वाटलं ठिबकचं काय तरी नवीन निघालं असंल. तू शिकलेली पोरगी घरी आलीय, म्हनलं घेऊ दे परयोग करून."

"पण तुम्ही फोन का कापत होता?"

चांदभाई तिच्याकडं बघतच राहिले. पाणी ओलं का असतं, असं तिनं विचारल्यासारखे. "बेटा, वीस साल झाली. मिस कॉल आला, मी कापला, म्हंजे काम झालं. त्यावर दुसरा आला, म्हंजे आता बंद करा. लाईट नसली, काय बिघडलं, तर मग मी फोन उचलनार. न्हाई झालं तर सांगावं लागतं. झाल्यावर काय बोलायचं? उगं तोंडाची वाफ!"

ही रीत नानांच्या इतकी अंगवळणी पडलेली की ती अश्विनीला सांगायची राहून गेली, आणि आजच्या गडबडीत त्यांना स्वतःलाही आठवली नाही. तेवढ्यात चांदभाईंचा फोन वाजला. अश्विनी पोहोचली का, हे विचारायला नानांनी लावला होता. चांदभाईंनी सवयीनं कापला आणि सदतिसाव्यांदा हँडलकडं हात नेला. अश्विनी त्या हाताला अक्षरशः लटकली.

आणि लटकल्या लटकल्याच तिला ओसरीवरचा लॅपटॉप आठवला.

स्टार्टर फोन कापतो तेव्हा काम झालेलं नसतं. चांदभाई कापतात तेव्हा झालेलं असतं. तिनं विचारायची पद्धत एक केली होती. उत्तर द्यायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असू शकते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिच्या अकरा प्रोसेसरांपैकी नऊ जण, काम बिघडलं की उणे आकडा परत द्यायचे. पण दोन होते म्हातारे. तसलं मशीन कुणाकडं सापडत नाही म्हणून तिनं त्यांची चाचणीच घेतली नव्हती. ते कसं सांगतात काम झालं की नाही ते? त्यांच्यापुढं तिनं लिहिलं होतं…

"बाकी सगळं तसंच," ती पुटपुटली.

"व्हय बेटा, बाकी सगळं तसंच. मजेत," चांदभाई म्हणाले.

घरी येऊन तिनं आधी त्या दोन प्रोसेसरांची माहितीपुस्तकं उघडली. जे व्हायचं तेच झालं होतं. हे दोघं बिघाडाचा आकडा साधाच द्यायचे, उणे-बिणे काही नाही. काम बिघडलंय हे एका वेगळ्या खुणेनं सांगायचे. तिचा प्रोग्राम त्या खुणेकडं बघतच नव्हता. म्हणजे ते दोघं 'नाही, नाही' म्हणून सांगत राहणार आणि तिची लायब्ररी 'झालं, झालं' म्हणून टाळ्या वाजवणार.

अडीच वाजेपर्यंत शेतात बरंच घडलं. टेम्पो रुतलेला असल्यामुळं छबूबाईंच्या टोळीला दुसरीकडं जाताच येईना, त्यामुळं छबूबाईंनी कारभार हातात घेतला. बांध फोडून पाणी शेजारच्या गव्हात सोडलं, वरच्या अंगाचे वाफे निथळले, पोहत गेलेल्या जुड्या परत आणल्या, आणि जेवण करून लागवडीला लागायचं ठरलं. बारा बाया डबे घेऊन ओसरीवर आल्या. ओसरीवर अश्विनीचा लॅपटॉप होता. आईनं सांगून टाकलं की आता प्रयागच्या बाई येणार आहेत. मग कोण हलतंय! डबे उघडले गेले आणि बारा जोडी डोळे पडद्याला चिकटले.

बाई दिसल्या. पांढरे केस, निळा स्वेटर, मागं खिडकीत बर्फ.

"प्रयागला लई थंडी दिसतीय," एक बाई म्हणाली.

आईनं पदर सावरून हात जोडले. "गंगामाईला नमस्कार सांगा म्हनावं आमचा."

बाईंनीही हात जोडले. आपल्याला काय सांगितलं गेलं ते न कळताही इतक्या मनापासून जोडले की टोळीनं त्यांना लगेच पास केलं.

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. बाई म्हणाल्या, "अश्विनी, मी सगळं वाचलं. अकरा फायलींची एक झाली, बाराशे ओळी कमी झाल्या. फार सुबक काम. माझ्या इथल्या सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत, म्हणजे पास. घेऊ आत?"

अश्विनी 'हो' म्हणायला पुढं सरकली. ते दोन म्हातारे प्रोसेसर जगात कुणाकडं असतील? पाच जणांकडं? दहा? सहा महिन्यांत कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोवर हळूच दुरुस्त करून टाकता येईल. नुसतं 'हो' म्हणायचं. एक अक्षर. आवृत्तीत काम जाणार, नाव जाणार. तिनं मान वर केली तर दारात नाना उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि एक शब्द न कळता तिच्याकडं असे बघत होते जसं काही तीच एकटी सगळं बरोबर बोलतेय. सकाळपासून त्यांनी तिला एका शब्दानं बोल लावला नव्हता. सात वेळा बटण दाबलं होतं, पण बटणावर शंका घेतली नव्हती.

"नका घेऊ," अश्विनी म्हणाली. "त्यात चूक आहे. दोन प्रोसेसरांची मी चाचणी न घेताच 'बाकीच्यांसारखंच' असं लिहून दिलंय. ते बाकीच्यांसारखे नाहीत."

बाईंच्या भुवया चढल्या.

"बाई चिडली," छबूबाईंनी टोळीला अर्थ सांगितला.

"हे तुझ्या लक्षात कसं आलं?" बाईंनी विचारलं.

"कांद्याच्या वाफ्यात."

"हे चाचणीचं नवीन साधन आहे का?"

"आज सकाळपासून, हो."

आणि मग अश्विनीनं सगळं सांगितलं. डबा, चांदभाई, छत्तीस वेळा, भात. सांगता सांगता तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण बारा बाया डबे घेऊन बघत असताना रडणार कशी? प्रयागच्या बाई आधी ओठ दाबून ऐकत होत्या. ठिबकपर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"आता रडवलं तिनं बाईला," छबूबाई हळहळल्या.

"हसतायत त्या, मावशी!" अश्विनी म्हणाली.

"तुमच्याकडचे साडेसहा वाजेपर्यंत मी थांबते," बाई म्हणाल्या. "त्यानंतर नाही. आणि चाचणी घेतल्याशिवाय मला काही पाठवू नकोस."

बाया वाफ्यात उतरल्या आणि अश्विनी लॅपटॉपमध्ये. तिनं इंटरनेटवरून जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम उतरवला आणि त्यावर स्वतःचंच काम चालवून पाहिलं. नसलेली फाईल उघडायला सांगितली. 'अशी फाईलच नाही' या बिघाडाचा आकडा असतो दोन. लायब्ररीला तो उघडलेल्या फाईलचा नंबर वाटला आणि ती खुशीत म्हणाली, उघडली हो, दोन नंबरला उघडली! अश्विनीनं कपाळावर हात मारला. मग तिनं झाकणाखाली अजून एक कप्पा केला : होकार-नकार कसा द्यायचा ते प्रत्येक प्रोसेसरनं आपल्या कप्प्यात आपल्या पद्धतीनं सांगायचं; वर मात्र एकच उत्तर येईल. त्या कप्प्याच्या डोक्यावर तिनं समजुतीसाठी एक ओळ लिहिली : फोन कापला म्हणजे काम बिघडलं असं धरून चालू नये, चांदभाईंना विचारून घ्यावं.

पाचला लागवड उरकली. ट्रॅक्टर लावून टेम्पो ओढून काढला, आणि जाताना छबूबाईंनी आईला बजावलं, "पुढच्या गुरवारी खालच्या वाफ्यांना येते. पोरीला डबा झाकून ठिवाय सांग." सहा वाजून वीस मिनिटांनी चाचण्या हिरव्या झाल्या, अकराच्या अकरा. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बाईंनी काम आत घेतलं.

नव्या आवृत्तीबरोबर मदत करणाऱ्यांची यादी येते, तीही शनिवारी आली. त्यात अश्विनीचं नाव होतं. आणि तिच्या खाली, बाईंनी आपण होऊन घातलेलं, आणखी एक : चांदभाई, प्रवरा नदी.

नानांनी त्या यादीचा फोटो मोबाईलमध्ये घेतला, स्वतः नदीवर जाऊन चांदभाईंना दाखवला, आणि येताना सांगत आले की चांदभाईंनी तो तीनदा वाचून घेतला, चष्मा पुसून परत एकदा वाचून घेतला, आणि दुपारी नवीन टोपी घातली.

डबाही दुरुस्त झाला होता. आता चांदभाईंच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं होतं : कापला म्हणजे झालं, उचलला म्हणजे बिघाड, तीन मिनिटांनी परत लावा. गुरुवारी खालच्या वाफ्यांची पाळी आली. आठला लाईट आली, नानांनी बटण दाबलं. विहीर आली. बोअर आली. नदी आली.

नदी गेली.

नदी आली.

अश्विनीनं डब्यात पाहिलं आणि स्कूटीची किल्ली घेतली. चांदभाई खोलीच्या दारातच उभे होते, इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, हातात फोन.

"चाचा! फोन कापत का नाही आहात?"

"बेटा, आता आपलं नाव चार देशांत गेलंय," चांदभाई संकोचून म्हणाले. "कुनाचा फोन कापनं बरं दिसतं का? सलाम करतो, खुशाली इचारतो, मोटर चालू केली, बंद केली म्हनून सांगतो. पाच येळा सलाम घातला, पन पलीकडनं कुनी बोलायलाच तयार न्हाई. मच्छिंद्रभाऊ आपल्यावर नाराज हायेत का गं?"